मार्नरला शिव्या पुरे, आता वर्षं मोजा : टोरंटोतल्या मराठी लीफ्सप्रेमींना खुलं पत्र

टोरंटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन, ओकव्हिल आणि जिथे जिथे मराठी माणूस शनिवारी संध्याकाळी निळी जर्सी घालून टीव्हीसमोर बसतो, तिथल्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, एनएचएल या बर्फावरच्या हॉकी लीगमधला आपल्या टोरंटो मेपल लीफ्सचा जुना वैरी संघ मॉन्ट्रियल, म्हणजेच हॅब्स, याने लेन हटसन या तरुण बचावपटूशी आठ वर्षांचा करार केला. एकूण ७ कोटी ८ लाख डॉलर, म्हणजे वर्षाला सरासरी ८८.५ लाख. ही बातमी आल्यापासून आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे चाललंय ते वाचून राहवेना. 'एवढ्याशा पोराला आठ वर्षं?', 'हॅब्सवाल्यांची मस्ती उतरेल', आणि या सगळ्याला न चुकता जोडलेलं शेपूट, 'तो मार्नर बघा, पैशासाठी पळाला.' मार्नर म्हणजे आपल्याकडून व्हेगासला गेलेला मिच मार्नर.

खरं तर हे पत्र मेपल लीफ्सच्या व्यवस्थापनालाच लिहायला हवं. पण ते मराठी वाचत नाहीत, आणि इंग्रजी पत्रांचे तर त्यांच्याकडे ढीग पडत असतील. शिवाय व्यवस्थापन जे निर्णय घेतं त्यामागे गॅलरीतल्या ओरड्याचाही वाटा असतोच, आणि त्या ओरड्यात आपण सगळे आहोत. म्हणून तुम्हालाच लिहितो.

नव्याने आलेल्यांसाठी आधी थोडं. आपल्याकडे हॉकी म्हटलं की खडकी, टर्फ आणि धनराज पिल्ले. इथे हॉकी म्हणजे बर्फावरची, आणि तिचं अर्थकारण आयपीएलच्या पर्ससारखं आहे. प्रत्येक संघाला पगारावर कमाल मर्यादा असते, तिला सॅलरी कॅप म्हणतात. २०२५-२६ च्या मोसमासाठी ती ९ कोटी ५५ लाख डॉलर आहे. फरक असा की इथे दर तीन वर्षांनी जवळजवळ सगळ्यांना परत लिलावात काढत नाहीत. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ दरवर्षी पाळीपाळीने नवी पोरं निवडतात त्यात, निवडलेल्या पोराचा पहिला करार साधारण तीन वर्षांचा आणि स्वस्तातला असतो. तो संपला की पुढची काही वर्षं हक्क मूळ संघाकडेच राहतात. दुसऱ्या संघाने देकार दिला तरी मूळ संघ तेवढेच पैसे मोजून खेळाडू ठेवून घेऊ शकतो. पूर्ण मोकळीक मिळते ती वयाच्या सत्ताविशीत किंवा सात मोसम खेळून झाल्यावर. म्हणजे पोरगा एकवीस-बावीसचा असताना संघाच्या हातात एकदाच एक संधी येते. त्या वेळी किती वर्षांचा करार करायचा, यावर पुढचं दशक ठरतं.

आता २०१८-१९ आठवा. १ जुलै २०१८ ला जॉन टॅव्हारेस आला, सात वर्षं, वर्षाला १ कोटी १० लाख. आपण नाचलो. लहानपणी टोरंटोच्या चादरीत झोपलेल्या टॅव्हारेसचा तो फोटो कितीजणांनी स्टेटसला ठेवला होता! नाचायला हरकत नव्हती, पण त्या दिवशी घरात एक भाव ठरून गेला. बाहेरून आलेल्याला एक कोटी दहा, तर आपणच ड्राफ्टमधून घेतलेल्या ऑस्टन मॅथ्यूजने त्याहून कमी का घ्यावं? त्याने पदार्पणातच ओटावाविरुद्ध चार गोल मारले होते. पहिल्या मोसमात चाळीस. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याने सही केली, वर्षाला सुमारे १ कोटी १६ लाख. सप्टेंबरमध्ये मार्नरने केली, सुमारे १ कोटी ९ लाख. त्याआधी विल्यम नायलँडर १ डिसेंबर २०१८ च्या संध्याकाळी पाचच्या मुदतीपर्यंत अडून बसला होता आणि काही मिनिटं राहिली असताना सत्तर लाखांच्या किंचित खाली तयार झाला. मुदत टळली असती तर त्याला तो अख्खा मोसम खेळता आलं नसतं. इतका उशिरा आला की त्या मोसमात जेमतेम सात गोल झाले.

चौघांची बेरीज चार कोटींच्या वर गेली. त्या वेळची मर्यादा ८ कोटी १५ लाख. चार जणांत जवळपास निम्मी पर्स!

ग्रुपवर आपण इथेच थांबतो. 'हावरट', 'एजंटांनी लुटलं', 'मार्नरचे वडील'. अहो, रक्कम बघून झाली असेल तर जरा वर्षं बघा. मॅथ्यूज पाच वर्षं. मार्नर सहा. नायलँडर सहा. आठ वर्षं देता येत होती, पण तिघांपैकी एकानेही आठ घेतली नाहीत. मॅथ्यूजच्या पाच वर्षांतली पहिली चार अशी होती, ज्यात त्याचे हक्क तसेही आपल्याकडेच होते. त्याच्या मोकळ्या काळातलं आपण विकत घेतलं ते फक्त एक वर्ष. आणि त्यासाठी मोजले ते पूर्ण मोकळ्या खेळाडूचे पैसे.

वरून कोविड आला. पर्स दरवर्षी वाढणार हे गृहीत धरून केलेली गणितं कोसळली. मर्यादा तीन मोसम ८ कोटी १५ लाखांवरच अडकून राहिली. यात व्यवस्थापनाचा दोष नाही, हे कबूल करायला हवं. पण ज्याच्याकडे लांब मुदतीचे करार होते त्याला वाट बघता आली. आपल्याला मधल्या काळात माणसं सोडावी लागली. झॅक हायमन, टोरंटोचाच मुलगा, २०२१ मध्ये एडमंटनला गेला वर्षाला ५५ लाखांवर, आणि २०२३-२४ मध्ये त्याने ५४ गोल मारले. त्याआधी २०१९ मध्ये पॅट्रिक मार्लोचं उरलेलं एक वर्ष कॅरोलायनाच्या गळ्यात घालायला आपण पहिल्या फेरीची निवड देऊन टाकली. त्या निवडीतून कॅरोलायनाने सेथ जार्व्हिसला घेतलं. चाळिशीला टेकलेल्या खेळाडूच्या एका वर्षाच्या पगारापायी पुढची दहा वर्षं कामाला आला असता असा पोरगा गेला. मार्नरवर ओरडणाऱ्यांपैकी किती जणांना हे आठवतं?

आता तिकडे मॉन्ट्रियलकडे वळू. नाकं मुरडू नका.

ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी निक सुझुकीला आठ वर्षांसाठी ६ कोटी ३० लाख दिले. सुझुकीने तोवर दोन मोसम खेळले होते आणि दोन्हींत ४१ गुण (गोल आणि असिस्ट मिळून) केले होते, म्हणजे बरा, पण कोणी डोक्यावर घेऊन नाचावं असा नाही. तेव्हा आपण हसलो होतो. त्या मोसमात मॉन्ट्रियल अख्ख्या लीगमध्ये शेवटचं आलं, तेव्हा तर जोरात हसलो. पुढे तोच तेविसाव्या वर्षी कर्णधार झाला आणि २०२४-२५ मध्ये ८९ गुणांपर्यंत पोहोचला. पगार तोच, ७८.७५ लाख.

जून २०२३ मध्ये कोल कॉफिल्ड. त्याच वर्षी खांद्याची शस्त्रक्रिया होऊन तो बसला होता, तरी आठ वर्षं, ७८.५ लाख. हा आकडा नीट बघा. कर्णधारापेक्षा फक्त २५ हजार डॉलरने कमी! एवढ्या मोठ्या व्यवहारात पंचवीस हजार म्हणजे चिल्लर. पण त्या चिल्लरीतून सगळ्यांना कळलं की या घरात सुझुकीच्या वर कोणी जायचं नाही. १ जुलै २०२४ ला युराय स्लाफकोव्स्की, २०२२ च्या ड्राफ्टमधला पहिला नंबर, आठ वर्षं, ७६ लाख. पुन्हा छताच्या खाली. बचावपटू कायडन गुली, सहा वर्षं, साडेपंचावन्न लाख. टॅव्हारेसने आपल्याकडे जो भाव वर नेला, तोच सुझुकीने तिकडे खाली धरून ठेवला.

पुण्यात वाकड-हिंजवडीकडे ज्यांनी बांधकाम चालू असताना फ्लॅट बुक केला त्यांना हे लगेच कळेल. खड्डा खणलेला असतो, पुढे पत्रे ठोकलेले, नातेवाईक विचारतात 'ताबा कधी?' आणि आपण गप्प. ताबा मिळाल्यावर तेच नातेवाईक म्हणतात, 'तुम्हाला तर स्वस्तात पडलं.' मॉन्ट्रियलने खड्डा बघून पैसे भरले. आपण तयार फ्लॅट घेतला, तोही पाच वर्षांच्या भाडेकरारावर.

हे करण्यामागे डोकं कोणाचं? केंट ह्यूजेस जानेवारी २०२२ मध्ये त्यांचे जीएम, म्हणजे जनरल मॅनेजर झाले. त्याआधी ते खेळाडूंचे एजंट होते. टेबलाच्या त्या बाजूला बसलेल्या माणसाला पोराच्या मनात काय चालतं, आईवडिलांना कशाची भीती असते, हे ठाऊक असतं. एकविसाव्या वर्षी सहा कोटींची खात्री नाकारायला फार मोठी छाती लागते. ह्यूजेस तिथे बोट ठेवतात. सुझुकीचा करार मात्र त्यांच्या आधीच्या राजवटीतला, हे श्रेय वाटताना विसरू नये.

पण तुमच्या बाजूनेही बोलतो, कारण तुलना करायची तर सरळ करावी. मॉन्ट्रियलच्या पोरांकडे सौदा करायला हातात काही नव्हतं. संघ तळाला, गुण बेताचे. मॅथ्यूजसमोर 'अजून सिद्ध कर' असं म्हणायची कोणाची हिंमत झाली असती? ज्याने नंतर एका मोसमात ६९ गोल मारले, त्याला पहिल्यापासून माहीत होतं की आपण कोण आहोत. छोटा करार घेऊन पर्स वाढल्यावर पुन्हा टेबलावर यायचं, हे त्याचं गणित त्याच्या दृष्टीने बरोबरच होतं. २०२३ मध्ये त्याने पुन्हा चारच वर्षांची सही केली, वर्षाला १ कोटी साडेबत्तीस लाख. यात हावरटपणा कुठे आला? आपल्यातला प्रत्येक आयटीवाला दोन वर्षांनी कंपनी बदलताना हेच करतो.

कराचं कारण सांगणाऱ्यांना एकच उत्तर. नेव्हाडा आणि फ्लोरिडात राज्याचा प्राप्तिकर नाही, हे खरं, आणि व्हेगास-फ्लोरिडाशी झगडताना त्याचा त्रास होतोच. पण क्वेबेकमधला सर्वांत वरच्या टप्प्यातला कर ओंटारिओइतकाच आहे, दोन्हीकडे ५३ टक्क्यांच्या वर. मग मॉन्ट्रियलला जमलं ते आपल्याला का जमू नये? पापाराझी आणि पत्रकारांचा जाच म्हणाल, तर तिथे तो दोन भाषांत होतो.

आता हटसन. पाच फूट नऊ इंच, २०२२ मध्ये दुसऱ्या फेरीत ६२ वा निवडलेला. २०२४-२५ च्या मोसमात ६६ गुण, त्यात ६० असिस्ट. पदार्पणाच्या मोसमात एवढे असिस्ट करणारा बचावपटू त्याआधी एकच झाला होता, लॅरी मर्फी. वर्षाचा सर्वोत्कृष्ट नवोदित म्हणून कॅल्डर ट्रॉफी त्यालाच मिळाली. पण आकडे सोडा. पुढच्या वेळी मॉन्ट्रियलचा सामना लागला की तो ब्लू लाइनवर (समोरच्याच्या भागाच्या सीमेवर) पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, घेऊन उभा राहतो तेव्हा फक्त त्याचे खांदे बघा. डावा खांदा पाडतो, समोरचा तिकडे झुकतो, तोवर हा उजवीकडच्या कडेवर तोल टाकून गेलेला असतो. पक मात्र काठीपासून हलत नाही. समोरच्याचे दोन्ही पाय चुकीच्या दिशेला गेलेले असतात आणि बर्फावर वळायला किती वेळ लागतो हे ज्यांनी पहिल्या हिवाळ्यात स्केट्स घालून आपटून घेतलंय त्यांना सांगायला नको.

तो महाग नाही. हटसनचा करार २०२६-२७ च्या मोसमापासूनचा, तेव्हाची मर्यादा १० कोटी ४० लाख. म्हणजे साडेआठ टक्के. मॅथ्यूजच्या २०१९ च्या कराराने चौदा टक्क्यांहून जास्त खाल्ले होते. सुझुकी, कॉफिल्ड, स्लाफकोव्स्की आणि हटसन मिळून त्या मोसमात सुमारे ३१ टक्के. आपले चार तेव्हा पन्नासला टेकले होते.

एक खरं की सुझुकीचं छत आता फुटलंय. आयलंडर्सकडून आणलेल्या नोआ डॉब्सनला ९५ लाख दिले, पहिल्या फेरीतल्या दोन निवडी देऊन वर. हटसन छताच्या वर. आता इव्हान डेमिडोव्हचं काय? त्याचा पहिला करार २०२७ च्या उन्हाळ्यापर्यंत आहे, म्हणजे वाढीव कराराची बोलणी १ जुलै २०२६ पासून करता येतील. आणि इथे एक मेख आहे. १६ सप्टेंबर २०२६ पासून लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातला नवा करार लागू होतोय. त्यात स्वतःच्या खेळाडूला आठऐवजी सातच वर्षं देता येणार, बाहेरच्याला सातऐवजी सहा. म्हणजे डेमिडोव्हला आठ वर्षं बांधायची तर ह्यूजेसच्या हातात अडीच महिने. तो पोरगा डॉब्सनच्या ९५ लाखांकडे बघून बोलणी करेल की सुझुकीच्या ७८.७५ लाखांकडे, यावर तिकडची पुढची गंमत अवलंबून आहे.

मॉन्ट्रियलचे हात लांब मुदतीत भाजलेच नाहीत असं नाही. गोलरक्षक केरी प्राइसला त्यांनी २०१७ मध्ये आठ वर्षं दिली, वर्षाला १ कोटी ५ लाख. गुडघ्याने दगा दिला. एप्रिल २०२२ नंतर तो खेळला नाही आणि करार मात्र पुस्तकात बसून राहिला, तो सप्टेंबर २०२५ मध्ये सॅन होजेला पाठवेपर्यंत. ड्राफ्टमध्येही चुकले, २०२३ मध्ये मात्वे मिचकोव्ह समोर असताना त्यांनी डेव्हिड राइनबाखरला घेतलं, त्यावर तिकडचे लोक अजून दात खातात.

आणि कोटकानिएमीचा किस्सा तर सोडवत नाही. २०१९ मध्ये मॉन्ट्रियलने कॅरोलायनाच्या सेबॅस्टियन आहोला देकार देऊन फोडायचा प्रयत्न केला. कॅरोलायनाने तेवढेच पैसे मोजून त्याला ठेवून घेतलं, पण राग मनात धरला. दोन वर्षांनी त्यांनी मॉन्ट्रियलच्या येस्पेरी कोटकानिएमीला एका वर्षासाठी ६१ लाखांचा देकार पाठवला, आणि सही करतानाचा बोनस किती? २० डॉलर! वीस हा आहोच्या जर्सीचा नंबर. असा टोमणा आपल्याकडे लग्नाच्या याद्यांत मारतात. मॉन्ट्रियलने पोरगा सोडला. २०१८ चा तिसरा नंबर हातचा गेला. त्यानंतर तिकडे पोरांचे करार वेळेआधी व्हायला लागले, त्यामागे हा चटका असावा असं माझं मत.

मग आपल्याकडे आज काय आहे? मॅथ्यू नाइस. दुसऱ्या फेरीतून, ५७ व्या क्रमांकावर मिळालेला, २०२४-२५ मध्ये २९ गोल. जून २०२५ मध्ये त्याला ७७.५ लाखांवर बांधलं, रास्त भाव. पण वर्षं? सहा. म्हणजे तो ऐन अठ्ठाविशीत मोकळा होणार. हीच ती गोष्ट जिच्यासाठी ग्रुपवर एकानेही चकार शब्द काढला नाही. सगळे 'चला, स्वस्तात सुटलो' म्हणून अंगठे दाखवत होते. ईस्टन कावन २०२५-२६ च्या मोसमात मोठ्या संघात आला, लंडन नाइट्स या ज्युनियर संघाबरोबर मेमोरियल कप जिंकून. बेन डॅनफर्ड मागे तयार होतोय. आणि त्यानंतर? मार्च २०२५ मध्ये ब्रँडन कार्लोसाठी फ्रेझर मिंटन आणि २०२६ ची पहिल्या फेरीची निवड बॉस्टनला दिली. स्कॉट लॉटनसाठी निकिता ग्रेबेन्किन आणि २०२७ ची फिलाडेल्फियाला. २०२५ ची तर आधीच शिकागोला गेली होती. कोठीत धान्य नाही आणि आपण मात्र पंगतीच्या गप्पा मारतोय.

या सौद्यांच्या दिवशी आपण काय म्हणत होतो, ते ग्रुपवर वर स्क्रोल करून बघा. 'शेवटी एकदाचा हलला!', 'यंदा नाही तर कधीच नाही.' दर वर्षी मार्चमध्ये आपल्याला कोणीतरी थोराड बचावपटू हवा असतो. १९६७ पासून स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद नाही, ही भूक समजते. मलाही आहे. पण फ्लोरिडाने सातव्या सामन्यात आपल्याच घरात ६-१ ने लोळवलं तेव्हा कमी पडला तो थोराड बचावपटू नव्हता. ट्रेडच्या दिवशी शिट्ट्या वाजवणारी गॅलरी आपणच, आणि मे महिन्यात शिव्या देणारीही आपणच.

मॉन्ट्रियलचा मायकल हेज ठाऊक आहे? २०२४ ला पहिल्या फेरीत त्यांनी घेतलेला सेंटर. मिसिसागाचा मुलगा. आपल्यातल्या निम्म्या लोकांच्या घरापासून वीस मिनिटांवर वाढलेला.

हे सगळं वाचून मी हॅब्सकडे फितूर झालो असं समजू नका. २०२५-२६ मोसमाच्या पहिल्याच सामन्यात आपण त्यांना ५-२ हरवलं तेव्हा मी शेजारच्या फ्रेंच कुटुंबाला ऐकू जाईल इतका ओरडलो. मे २०२५ मध्ये आपण फ्लोरिडाला सातव्या सामन्यापर्यंत नेलं, हॅब्स मात्र पहिल्याच फेरीत वॉशिंग्टनकडून पाच सामन्यांत गारद झाले. त्या मोसमात कोण पुढे, तर आपण. प्रश्न २०२८ चा आहे, जेव्हा मॅथ्यूजचा करार संपेल आणि सुझुकीची त्यानंतरही दोन वर्षं बाकी असतील.

तर मागणी एवढीच. मार्नर. थॉर्नहिलमध्ये वाढलेला, आपल्याकडच्या शेवटच्या मोसमात १०२ गुण. तो व्हेगासला गेला आठ वर्षांसाठी, वर्षाला १ कोटी २० लाखांवर, आणि आपल्या हाती आला निकोलास रुआ. मार्नरने आपल्याला फसवलं नाही. करारात त्याच्या परवानगीशिवाय त्याला हलवता येणार नाही असं कलम आपणच लिहून दिलं होतं, आणि सहा वर्षं संपल्यावर तो मोकळा होणार हे २०१९ मध्येच कागदावर होतं. तो व्हेगासच्या जर्सीत आपल्या अरीनात जेव्हा जेव्हा येईल तेव्हा तिकिटं काढणाऱ्यांनी हुर्यो करू नये. फारच हात शिवशिवले, तर १ जुलै २०२७ साठी राखून ठेवा. मॅथ्यूजशी नव्या कराराची बोलणी त्या दिवसापासून करता येतील, तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा असेल, आणि एकविसाव्या वर्षी जी आठ वर्षं आपण मागायला हवी होती ती आपल्याला तिशीत, सात करून, विकायला काढली जातील. त्या दिवशी ग्रुपवर जो कोणी 'कितीही लागू द्या, पण सही घ्या' लिहील, त्याला मी हे पत्र परत पाठवणार आहे.

ऑक्टोबर २०२५
आपलाच,
मिसिसागामधला एक लीफ्सप्रेमी